श्रीखंडे-आलेख आणि प्रकाशकण

प्रकाशकणांच्या साहाय्याने आलेखविषयक प्रश्न सोडविण्याचे प्रयत्न अगदी अलीकडचे होत. परंतु ज्या आलेखांवर त्यांची परीक्षा होते त्यांचा इतिहास जुना असून, त्यांतील एकास मुंबई विद्यापीठाच्या प्राध्यापकाचे नाव आहे.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांचे शिक्षण नागपुरास झाले. उत्तर कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५० साली डॉक्टरेट मिळविली. १९५९ साली बोस व पार्कर यांच्यासह त्यांनी लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे अनुमान खोडून काढले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा निबंध मात्र कमी परिचित आहे.

बुद्धिबळाच्या पटावर ४×४ घरे घ्यावीत आणि हत्तीच्या एका चालीने साधणारी घरे रेषेने जोडावीत. १६ बिंदूंच्या या आलेखात प्रत्येक बिंदूस ६ शेजारी आणि कोणत्याही दोन बिंदूंस २ समाईक शेजारी असतात. पटाची बाजू ४ नसेल, तर अशा प्रचलांवरून आलेख एकमेव ठरतो. बाजू ४ असता मात्र नेमका एक अपवाद संभवतो, असे श्रीखंडे यांनी सिद्ध केले. तो अपवाद म्हणजेच श्रीखंडे-आलेख. मूळ प्रश्न संख्याशास्त्रातील प्रयोगरचनेचा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आरसे व प्रकाशविभाजक यांच्या जाळ्यात फोटॉन एकमेकांवर परिणाम करीत नाहीत. अशा दोन बोसॉनांच्या पुंजभ्रमणाने समान प्रचलांचे हे आलेख वेगळे ओळखता येत नाहीत, असे गॅम्बल व सहकाऱ्यांनी २०१० साली दाखविले. कणसंख्या वाढविल्यास ही शक्ती वाढते, असे २०१२ साली आढळले. पुढे २०१७ साली हॅमिल्टन व सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत फोटॉनांच्या नोंदींची संभाव्यता आलेखातील पूर्ण जुळण्यांच्या संख्येशी निगडित झाली.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. एका बिंदूचे ६ शेजारी कागदावर काढले, तर श्रीखंडे-आलेखात त्यांचा षट्कोन होतो आणि हत्तीच्या आलेखात दोन त्रिकोण. दोन फोटॉनांस न दिसणारा भेद पेन्सिलीने क्षणात दिसतो. तेव्हा नव्या यंत्राची थोरवी ठरविताना, तोच प्रश्न साध्या साधनांनी किती सहज सुटतो, हे आधी पाहिले पाहिजे. श्रीखंडे-आलेखाचे आजचे महत्त्व यातच आहे.