अठरा चालींची नोंद

मे १८५५, कलकत्ता. पांढरे मोहरे जॉन कॉक्रेन यांचे, काळे महेशचंद्र बॅनर्जी यांचे. त्या डावाची अठरा चालींची नोंद उरली आहे.

कॉक्रेन स्कॉटिश बॅरिस्टर. १८२२ सालीच त्यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ लंडनात निघाला होता. महेशचंद्र दिसतात ते इंग्रजांच्या लेखणीतून. लंडनच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’मध्ये १८५०च्या सुमारास आलेला वृत्तान्त सांगतो, की शहराबाहेरचा हा ब्राह्मण कुणाला हार गेला नव्हता, पण विलायती किल्लेकोट त्याला धड ठाऊक नव्हता. हे पटण्यासारखे आहे. देशी डावात प्यादे एकेकच घर सरके आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी मिळे. इकडे मुंबईत १८१४ सालीच त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचे पुस्तक युरोपीय पद्धतीला जुळवून छापले गेले होते. म्हणजे दोन नियमांची ही ओढाताण जुनीच.

नोंद मात्र वृत्तान्ताच्या पुढे जाते. घोडा एफ६, प्यादे जी६, प्यादे डी५: काळ्याच्या पहिल्या तीन चाली. १९२२ साली अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी जो बचाव नावारूपाला आणला, तो हाच. उंट कोपऱ्याकडच्या घरात बसवणे ही देशी खोड, असे सर्रास म्हटले जाते. असेल, पण तिसऱ्या चालीला प्यादे एकदम दोन घरे टाकले आहे आणि पाचव्या चालीला किल्लेकोट झाला आहे. हा खेळाडू तोवर विलायती नियम कोळून प्यायला होता.

सतराव्या चालीला कॉक्रेन घोडा जी५वर नेतात. महेशचंद्र उंटाने उंट मारतात. घोडा एफ७वरचे प्यादे खातो. काळा आपला घोडा ए५वर आणून पांढऱ्या वजिरावर घालतो. इथे नोंद थांबते: पांढरा तीन चालींत मात करतो. पटावर मांडून पाहा. घोडा एच६वर जाताच त्याचा आणि मागच्या वजिराचा असा दुहेरी शह. आता वजीर मारायला सवडच नाही, राजाच हलवावा लागतो. तो एफ८वर गेला, तर वजीर जी८वर येऊन तिथेच मात. कोपऱ्यात गेला, तर वजीर त्याच घरात बळी जातो, हत्ती त्याला खातो आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर घोडा एफ७वरून मात करतो.