गाणी जॉनची, सातबारा कंपनीचा

१९६९ या एका वर्षात क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडच्या तीन एलपी निघाल्या. जानेवारीत 'बायू कंट्री', ऑगस्टमध्ये 'ग्रीन रिव्हर' आणि वर्ष सरता सरता 'विली अँड द पुअर बॉइज'. १९७० मध्ये आणखी दोन. पहिली एलपी १९६८ ची, सातवी आणि अखेरची १९७२ ची. संसार चार वर्षांचा, पण त्याच्या वाटणीचं भांडण अर्धं शतक पुरलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे एल सेरिटो हे गाव आहे. तिथले तीन शाळासोबती, जॉन फोगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड, १९५९ पासून एकत्र वाजवत होते. जॉनचा थोरला भाऊ टॉम त्यांना येऊन मिळाला आणि सुरुवातीला मुख्य गायक तोच होता. १९६४ मध्ये फँटसी रेकॉर्ड्स या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीनं त्यांना घेतलं. ही मुळात जॅझची कंपनी. तिनं या पोरांचं नाव परस्पर 'द गॉलिवॉग्ज' ठेवून दिलं. नाव पोरांना आवडलं नाही आणि गाणीही फारशी चालली नाहीत. एवढं मात्र झालं की गाणं हळूहळू टॉमच्या गळ्यातून जॉनच्या गळ्यात आलं आणि थोरला भाऊ साथीच्या गिटारवर गेला.

१९६७ मध्ये फँटसीतच विक्रीचं काम पाहणाऱ्या सॉल झेंट्झनं भागीदारांना घेऊन कंपनी विकत घेतली. बँडला नवं नाव मिळालं, नवा करारही झाला. त्या करारानं गाण्यांचे हक्क कंपनीकडे गेले आणि दरवर्षी ठरावीक संख्येनं गाणी देण्याचं बंधन बँडवर आलं. यश मिळालं की याहून चांगला करार करू, असा शब्द झेंट्झनं दिला होता, असं जॉन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. विशीतल्या चौघांनी सह्या केल्या. 'कसेल त्याची जमीन' हा न्याय तबकड्यांच्या धंद्यात नव्हता. इथे कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

पीक मात्र भरघोस आलं. १९६८ मध्ये 'सुझी क्यू' या जुन्या गाण्याचा आठ मिनिटांहून लांब अवतार गाजला. त्याच वर्षी जॉनला राखीव सैन्यातून मुक्ततेचं पत्र मिळालं आणि त्या आनंदात त्यानं 'प्राउड मेरी' लिहायला घेतलं. शेजारच्या शहरातले बँड तेव्हा मंचावर तासन्‌तास आलापी करत होते. हे चौघं दोन-तीन मिनिटांची ठसठशीत गाणी देत होते. गाण्यांत दक्षिणेकडच्या दलदली, होड्या, नदीकाठ. ऐकणाऱ्याला वाटावं, हे लुइझियानाचेच. जॉन तिथे कधी राहिलाच नव्हता. 'ग्रीन रिव्हर' या गाण्यातली नदी म्हणजे कॅलिफोर्नियातला पुटा क्रीक हा ओढा, जिथे तो लहानपणी सुट्टीत जायचा. आणि 'ग्रीन रिव्हर' हे नाव सापडलं होतं सरबताच्या बाटलीवर.

व्हिएतनाम युद्धाच्या त्या दिवसांत 'फॉर्च्युनेट सन' आलं. बड्या घरची मुलं युद्धातून सुटतात आणि गरिबांची जातात, हा त्यातला राग. तो लिहिणाऱ्यानं स्वतः गणवेश चढवलेला होता, त्यामुळे तो उसना वाटला नाही.

सरावाची जागा डगच्या घरामागची शेड. पुढे बर्कलीतलं एक गोदाम. जॉन रोज तालमीला बोलवी, नशापाण्याला मज्जाव. डगचं टोपणनाव कॉस्मो, म्हणून ती जागा 'कॉस्मोचा कारखाना' झाली आणि १९७० च्या एलपीलाही तेच नाव मिळालं. 'कॉस्मोज फॅक्टरी' अमेरिकेच्या यादीत नऊ आठवडे पहिली होती. सुट्या गाण्यांचं नशीब वेगळं. बिलबोर्डच्या यादीत पाच तबकड्या दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढल्या, पहिली एकही झाली नाही.

कारखान्याला मुकादम एकच होता. लिहिणार जॉन, गाणार जॉन, मुख्य गिटार जॉनची, ध्वनिमुद्रणावर देखरेख जॉनची, व्यवस्थापनही त्याचंच. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात बँडची पाळी मध्यरात्रीनंतर आली, तेव्हा समोरची बरीच गर्दी झोपलेली होती. आपलं वादन नीट झालं नाही असं जॉनचं मत पडलं आणि महोत्सवावरच्या गाजलेल्या चित्रपटात बँड दिसलाच नाही. बाकीच्यांना ते पटलं नव्हतं. पण निर्णय जॉनचा.

एकहाती कारभारानंच बँड इतक्या वेगानं वर गेला आणि त्याच कारभारानं तो आतून फुटला. थोरल्या भावानं सर्वांत आधी, १९७१ च्या सुरुवातीला, घर सोडलं. उरलेल्या तिघांनी 'मार्डी ग्रा' ही सातवी एलपी वाटून घेतली. आता लिहिणं आणि गाणं तिघांचंही. हा हट्ट कुणाचा, यावर दोन्ही पक्षांची साक्ष वेगळी आहे. 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकानं मोठ्या बँडच्या सर्वांत वाईट तबकड्यांत तिला बसवलं. ऑक्टोबर १९७२ मध्ये बँड मोडला.

मग हिशेबाचे दिवस आले. कर वाचवण्यासाठी बहामा बेटांवरच्या एका बँकेत ठेवलेला पैसा १९७७ मध्ये बँकेबरोबर बुडाला. करारातून सुटण्यासाठी जॉननं जुन्या गाण्यांच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं आणि पुढे कितीतरी वर्षं ती गाणी मंचावर गायचीच नाहीत असं ठरवलं. दरम्यान झेंट्झ चित्रपटनिर्माता झाला. 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट', 'अमेडियस' आणि 'द इंग्लिश पेशंट' या त्याच्या तीन चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

१९८५ मध्ये जॉनची 'सेंटरफिल्ड' ही एलपी पहिल्या क्रमांकावर गेली आणि फँटसी कोर्टात पोचली. त्यातलं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे गाणं १९७० च्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे, असा दावा होता. दोन्ही गाणी जॉनचीच, पण जुन्याची मालकी कंपनीची. म्हणजे माणसावर आरोप स्वतःचीच चाल चोरल्याचा. १९८८ मध्ये तो गिटार घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात चढला आणि आपण गाणं कसं बांधतो ते ज्यूरीला वाजवून दाखवलं. ज्यूरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला. वकिलांच्या खर्चाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ मध्ये तिथेही निकाल त्याच्याच बाजूनं लागला. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात तो आजही दाखला म्हणून वापरतात.

भाऊबंदकीचा निकाल मात्र कुठल्याच कोर्टात लागला नाही. टॉम १९९० मध्ये वारला, तोवर दोघा भावांचं पुरतं मिटलं नव्हतं. १९९३ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेव्हा जॉननं स्टू आणि डगबरोबर वाजवायला नकार दिला आणि दुसऱ्याच वादकांना घेऊन तीच गाणी गायली.

२००४ मध्ये फँटसी काँकर्ड या कंपनीकडे गेली. तिनं जॉनची रॉयल्टी पुन्हा सुरू केली. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यानं आपल्या गाण्यांच्या प्रकाशन-हक्कांतला मोठा वाटा विकत घेतला. मूळ ध्वनिमुद्रणं काँकर्डकडेच राहिली. म्हणून २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांच्या जॉननं क्रीडन्सची वीस गाणी पहिल्यापासून पुन्हा रेकॉर्ड केली. या वेळी साथीला त्याची मुलं होती, शेन आणि टायलर.