स्वरलिपी आणि शिक्षक : ग्वाल्हेरचा एक धडा





शैक्षणिक तंत्रज्ञान हा शब्द उच्चारला की पडदा, संगणक आणि विजेवर चालणारी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. या विषयावर शिक्षकांच्या परिषदा भरतात, नवी साधने मांडली जातात, प्रात्यक्षिके होतात. पण मुळात तंत्र म्हणजे ज्ञान एकाकडून अनेकांकडे पोहोचविण्याची रीत. या अर्थाने पाहिले तर शंभर वर्षांपूर्वी आपल्या ग्वाल्हेरने शैक्षणिक तंत्रज्ञानाचा एक मोठा प्रयोग केला. त्या प्रयोगात वीज नव्हती. होता तो फळा, खडू आणि स्वरलिपी.

ख्यालगायनाचे माहेर म्हणून ग्वाल्हेरची कीर्ती सर्वश्रुत आहे. नत्थन पीरबक्ष, हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची ही भूमी. पुढे मराठी गायकांनी ती विद्या आत्मसात केली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, शंकर पंडितांनी ती येथेच जोपासली. परंतु ही विद्या कंठातून कंठात जाणारी होती. गुरूच्या घरी राहावे, सेवा करावी, वर्षानुवर्षे ऐकावे आणि गुरूची मर्जी झाली तर एखादी अस्सल चीज पदरात पडावी, असा तो क्रम. त्यात विद्येची खोली होती, तशी लपवणूकही होती. गुरूने न दिलेली चीज गुरूबरोबरच जाई.

ही विद्या शाळेत आणावी, असा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाला होता. बडोद्यात मौलाबक्षांनी 1886 मध्ये संगीतशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी वापरली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्यांचीही लिपी वेगळी होती. ग्वाल्हेरात 1914 मध्ये शंकर पंडितांचे सुपुत्र कृष्णराव यांनी विद्यालय सुरू केले. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे मात्र देशभर हिंडून चिजा आणि ग्रंथ गोळा करीत होते. त्यांना साऱ्या देशाला चालेल अशी एक पद्धती हवी होती.

यासाठी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मार्च 1916 मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. गायक, वादक, पंडित आणि संस्थानिकांचे प्रतिनिधी तेथे आले. या परिषदेतील एक प्रसंग आजच्या शिक्षकाने अवश्य ध्यानात घ्यावा. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी पुरस्कारलेली श्रुति-हार्मोनियम तेथे मांडण्यात आली. भारतीय संगीतातील बावीस श्रुती एका पेटीत बसविण्याचा तो प्रयत्न होता. त्यामागे अभ्यास होता, गणित होते, तळमळही होती. पण गवयांच्या कानांना ती मानवली नाही. वाद झडले आणि ती पेटी वर्गावर्गांत पोहोचली नाही.

त्याच काळात भातखंडे यांची लिपी मात्र रुजत गेली. वास्तविक ती पेटीच्या मानाने फारच साधी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू. समेला फुली, खालीला शून्य. सारी चिन्हे फळ्यावर सहज लिहिता येतील अशी आणि छापखान्याला झेपतील अशी. पण केवळ सोपेपणामुळे ती टिकली, असे मला वाटत नाही. खरे कारण ग्वाल्हेरच्या पुढील पावलात आहे.

माधवराव महाराज शिंदे यांनी संगीत विद्यालय काढावयाचे ठरविले, तेव्हा बाहेरून तयार शिक्षक आणण्याऐवजी ग्वाल्हेरच्याच काही निवडक गायकांना 1917 मध्ये मुंबईस भातखंडे यांच्याकडे पाठविले. त्यांत राजाभैया पूंछवाले होते. त्यांचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात होते. शंकर पंडितांकडे शिकलेला, घराण्याच्या गायकीत मुरलेला हा माणूस. अशा माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हावे, गळ्यात बसलेली चीज कागदावर मांडावयास शिकावे, ही साधी गोष्ट नव्हे. जानेवारी 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय उघडले, तेव्हा लिपी जाणणारे आणि गायकी जगलेले शिक्षक तेथे उभे होते. राजाभैया पुढे त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दरबारी कानड्याचा कोमल गांधार आणि बागेश्रीचा कोमल गांधार लिपीत सारखाच दिसतो : ‘ग’ आणि खाली रेघ. पण दरबारीतला गांधार आंदोलित. तो किती खाली झुकावा, किती रेंगाळावा, हे रेघ सांगत नाही. ज्याने फक्त लिपी वाचली त्याच्या हातून दरबारीची कलेवरच उरेल. ज्याने लिपीही शिकली आणि गुरूसमोर बसून तो गांधारही ऐकला, तो फळ्यावरच्या रेघेकडे बोट दाखवून म्हणेल, “एवढे लिहिले आहे, आता न लिहिलेले ऐका.” साधनाची मर्यादा जिथे सुरू होते तिथे शिक्षकाचे काम सुरू होते. ग्वाल्हेरने आधी शिक्षक तयार केला आणि मग वर्ग भरविला.

या प्रयोगात काही गमावलेही. ठरावीक तासांचा वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा यांनी गाण्याचा ऐसपैसपणा कमी केला, हा आक्षेप जाणकारांनी घेतला आणि तो खोटा नाही. विद्यालयातून मैफल गाजविणारे गवई थोडे निघतात, हेही खरे. पण दुसरे पारडेही पाहावे. सामान्य घरातील मुलामुलींना घराण्याचा दरवाजा न ठोठावता गाणे शिकण्याची सोय झाली. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत सुमारे 1,800 चिजा सुरक्षित राहिल्या. आणि मराठीच्या अभ्यासकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचे हे शिक्षण ज्या ग्रंथांवर उभे राहिले त्यांतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठी गद्यात आहे, तेही गुरुशिष्यांच्या संवादरूपाने. त्यांचे हिंदी अनुवाद नंतर झाले.

हाच अनुभव पुढे यंत्रांच्या बाबतीत आला. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षात उपग्रहाद्वारे दूरदर्शनवरून शिक्षण देण्याचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत झाला. तत्कालीन मध्यप्रदेश त्यांपैकी एक. त्यात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही होते. दोन फेऱ्यांत मिळून पन्नास हजारांच्या आसपास शिक्षकांनी ते घेतले. ते आखणाऱ्यांनी केवळ पडद्यावर भिस्त ठेवली नाही. दूरदर्शनला रेडिओ, छापील पुस्तिका आणि हाताने करावयाच्या प्रयोगांची जोड दिली. उपग्रह आकाशात असला तरी प्रयोग शिक्षकाच्या हातानेच व्हावयास हवा, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून शिक्षकांच्या परिषदेहून परतणाऱ्याला आपण एक प्रश्न विचारावा. तेथे काय पाहिले, हे तर विचारावेच. पण ते आत्मसात करण्यास शाळा तुम्हाला किती अवधी देणार आहे, हेही विचारावे. साधनाची किंमत पावतीवर लिहिलेली असते. शिक्षकाच्या शिकण्याला लागणारा काळ पावतीवर येत नाही आणि बहुधा अंदाजपत्रकातही येत नाही. श्रुति-हार्मोनियम बुद्धिमान माणसांनी घडविली होती, तरी ती वर्गाबाहेर राहिली. रेघ आणि बिंदू यांची लिपी मात्र शतक ओलांडून आजही ग्वाल्हेरच्या वर्गांत लिहिली जाते, कारण तिच्या मागे शिकलेली माणसे उभी राहिली.

शाळेने नवी साधने जरूर आणावीत; त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. पण प्रत्येक साधनाबरोबर एका राजाभैयाला मुंबईस पाठविण्याची तयारीही ठेवावी. ती तयारी नसेल, तर पैसे वाचवून मुलांना एखादे चांगले पुस्तक घेऊन द्यावे.