द्रव्य आधीं, कायदा मागून : आधार-क्रमांकाच्या इतिहासांतील एक टिपण

राज्यसत्ता आज्ञेनें चालते तशीच द्रव्यानेंहि चालते. आज्ञेची नोंद कायद्याच्या पुस्तकांत मिळते. द्रव्याची वाट जमाखर्चांत शोधावी लागते. आधार-क्रमांकाच्या प्रसाराचा विचार करितांना ही दुसरी वाट पाहणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

ही रीत नवी नव्हे. अकबरानें मनसबदारांस दाग व चेहरा यांचा नियम लावला. घोड्यावर डाग व शिपायाच्या मुखवर्णनाची दप्तरीं नोंद असल्यावांचून फौजेचें वेतन मिळूं नये, असा तो नियम होता. खोटी हजिरी बंद करणें हा त्याचा हेतु. पैसा देणारानें ओळखीचें माप ठरविलें व घेणारास तें मानावें लागलें.

आतां आपल्या काळाकडे वळूं. जानेवारी 2009 मध्यें विशिष्ट ओळख प्राधिकरण केवळ अधिसूचनेनें स्थापन झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगानें अहवाल सादर केला. नोंदणीस उत्तेजन म्हणून दारिद्र्यरेषेखालील माणसामागें 100 रुपये, एकूण 2,989.10 कोटी रुपये, राज्यांस द्यावे अशी शिफारस त्यांत आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली येथें पहिला क्रमांक दिला गेला. विधेयक संसदेंत आलें तें त्यानंतर, डिसेंबरांत. पुढील वर्षीं स्थायी समितीनें तें नापसंत केलें. नोंदणी मात्र थांबली नाहीं. 2016 सालीं कायदा झाला, त्या सुमारास क्रमांकांची संख्या 100 कोटींवर पोहोंचली होती.

कोणत्याहि राज्यावर सक्ती नव्हती, असा आक्षेप येईल. शब्दशः तो खरा आहे. परंतु स्वस्त धान्य केंद्राचें, दुकानें राज्याच्या देखरेखीखालचीं. फेब्रुवारी 2017 मध्यें केंद्रानें कायद्याच्या 7 व्या कलमान्वयें शिध्यास आधार जोडला, तेव्हां राज्यानें नाहीं म्हणावें तरी कसें?

आमच्या कुर्ल्यांत शिधावाटप दुकानावरील या साऱ्या व्यवहारास लोक ‘अंगठा लावणें’ एवढेंच म्हणतात. श्रमानें झिजलेलीं बोटें यंत्र ओळखीत नाहीं, तेव्हां घटनेंतील केंद्र व राज्य यांचा संबंध त्या मजुराच्या रिकाम्या पिशवीवरून कळतो. 26 सप्टेंबर 2018 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 4 विरुद्ध 1 मतांनीं 7 वें कलम उचलून धरलें. ओळख पटली नाहीं एवढ्यावरून पात्र माणसास वंचित ठेवूं नये, असेंहि बहुमतानें बजावलें. न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं भिन्न मत देऊन, हा कायदा धनविधेयकाच्या रूपानें संमत करणेंच घटनाबाह्य ठरविलें.

अकबराच्या व्यवस्थेंत पैसा मनसबदार घेई व ओळख पटविण्याचा भारहि त्याच्याच शिरीं असे. येथें अनुदान राज्यासाठीं ठरलें. ओळख पटविण्याचा भार मात्र शिधा घेणाऱ्याच्या बोटावर आला. या इतिहासाच्या पुढील अभ्यासकानें कायद्याच्या तारखेपूर्वीं अनुदानाची तारीख पाहावी, एवढीच आमची सूचना आहे.