घोडनदीच्या माशाचे नाव

मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करीत हिंडलेल्या कर्नल साइक्साचा मत्स्यविषयक निबंध 1839 साली छापला गेला. त्यात शिरूरच्या घोडनदीतील एका मोठ्या माशास त्याने ‘बार्बस मुसुल्ला’ म्हटले. देशी नावे लॅटिनात बसविण्याची ही रीत आम्हांस तरी सौजन्याची वाटते. परंतु मूळ नमुने राहिले नाहीत. मागे उरली ती वर्णने व चित्रे. त्यामुळे पुढील काही विद्वानांनी ते नाव कावेरीतील वशिंडवाल्या महासीरास चिकटविले! तो मासा ‘टॉर रेमादेवी’ होय, असा निर्णय 2018 साली प्रसिद्ध झाला. मुसुल्ला अशा रीतीने घोडनदीस परत मिळाला; मात्र घोड ज्या भीमेस मिळते, ती 1980 साली उजनीचे धरण झाल्यापासून दौंडखाली थबकली आहे, व त्या संथ पाण्यात परदेशी चिलापीचा सुकाळ आहे.