लोकेशनचं बटण आणि ३ वाजून ५६ मिनिटं

१० जुलै २०२४. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. धक्के नांदेडलाही जाणवले. थोड्या वेळात नांदेडहून मावशीचा फोन. "काय रे, मोबाइल भूकंपाच्या आधी वाजतो म्हणतात. माझा तर गप्पच बसला!"

वाजणार कसा? बॅटरी टिकावी आणि कुणी पाळत ठेवू नये म्हणून मीच तिला लोकेशन कायमचं बंद करून दिलं होतं. आपण कॉम्प्युटरवाले नातेवाईकांना असले सल्ले फुकट वाटत असतो ना, त्यातलाच एक.

मराठवाड्यात भूकंप म्हटलं की किल्लारी आठवतंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. ६.२ तीव्रतेचा धक्का, तोही जमिनीखाली फार खोल नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात हजारो माणसं गेली. तेव्हा मोबाइल नव्हतेच. देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ ला.

समजा, असते तर?

भूकंपात आधी सौम्य लहरी येतात, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने. खरं नुकसान करणाऱ्या मागून येतात, साधारण साडेतीनच्या वेगाने. अँड्रॉइडची यंत्रणा या फरकावर चालते. स्थिर पडलेल्या, म्हणजे समजा चार्जिंगला लावलेल्या, मोबाइलला पहिली थरथर कळते आणि तो ढोबळ ठिकाणासह सर्व्हरला कळवतो. एकाच भागातून असे बरेच निरोप आले की पुढच्या गावांना इशारा जातो. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली, किल्लारीला ३० वर्षं होत असताना.

आता हिशोब करू. किल्लारीहून लातूर सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर, नांदेड सुमारे १४५. मोठ्या लहरी लातूरला ११-१२ सेकंदांत पोचणार, नांदेडला ४० सेकंदांत. भूकंप ओळखण्यात काही सेकंद जाणार. म्हणजे लातूरकरांना जेमतेम टेबलाखाली शिरण्याइतका वेळ, नांदेडकरांना अर्धा मिनिट. आणि खुद्द किल्लारीत? काहीच नाही. तिथे मोबाइलने कुणी वाचलं नसतं, चांगल्या बांधलेल्या घरांनी वाचलं असतं. हे विसरून चालणार नाही.

मग प्रायव्हसीचं काय? माझा सल्ला चुकला तो इथे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ आधी अ‍ॅप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागायच्या, त्यामुळे मुख्य बटण बंद करणं हाच सोपा उपाय होता. ती सवय आपल्याला लागली ती लागलीच. २०१९ मध्ये 'अ‍ॅप वापरत असतानाच' हा पर्याय आला, २०२१ मध्ये 'अंदाजे ठिकाण'. म्हणजे आता मुख्य बटण चालू ठेवून एकेका अ‍ॅपला आवरता येतं. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचा पत्ता हवाच कशाला? हवामानाच्या अ‍ॅपला अंदाजे ठिकाण पुरतं. बॅटरीही अशीच वाचते, कारण ती मुख्यतः खातात ती मागे सतत ठिकाण विचारत राहणारी अ‍ॅप्स.

भूकंपाचा इशारा सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'खाली सापडतो. त्यासाठी लोकेशन आणि इंटरनेट दोन्ही चालू लागतात. ठिकाणाचा ढोबळ अंदाज कंपनीकडे जातो, हे खरंच आहे. पण तो देव-घेवीचा सौदा आहे: आपला मोबाइल इशारा नुसता घेत नाही, पुढच्या गावाला देतोही.

असो. दिवाळीत नांदेडला गेलो तेव्हा मावशीचा मोबाइल मागून घेतला. लोकेशन चालू केलं, सतरा अ‍ॅप्सच्या परवानग्या काढल्या.

"आता वाजंल ना?" ती म्हणाली.

"वेळच न येवो," म्हटलं, "पण आली तर वाजायची शक्यता तरी आहे."

तुमच्या घरी कुणाचं लोकेशन तुम्हीच बंद करून दिलंय का? या शनिवारी एकदा बघून घ्या.