मोटारींतील कोनाडा

जुन्या घराच्या भिंतींत कोनाडा असतो. त्यांत आज पणती ठेवली, उद्यां घड्याळ ठेवलें, तरी भिंत फोडावी लागत नाहीं. मोटारींतील संगीताच्या इतिहासांत अशाच एका कोनाड्यानें मोठें कार्य केलें आहे.

इ. स. १९३० सालीं अमेरिकेंत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीनें 'मोटोरोला' हा मोटारींत बसवावयाचा रेडिओ बाजारांत आणला. प्रवासांत संगीत आलें खरें, परंतु केंद्रावरून जें ध्वनिक्षेपित होईल तेंच ऐकणें प्राप्त होतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं क्राइस्लर कंपनीनें १९५६ च्या गाड्यांत तबकडी वाजविणारें यंत्र ठेवलें. पण त्यास मंद गतीच्या खास तबकड्या लागत, घरांतील तबकड्या चालत नसत. तो प्रयोग लवकरच मावळला. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली, आणि पुढें आवडीचें गाणें बरोबर नेणें सुलभ झालें.

यंत्रें अशीं बदलत गेलीं; गाडी मात्र तीच राहिली. गाडीपेक्षां तिच्यांतील वाद्य लवकर जुनें होतें, ही खरी अडचण होती. 'डिन' या जर्मन मानकसंस्थेनें वाद्याच्या दर्शनी भागाचें माप १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असें ठरविलें, आणि पुढें तें आंतरराष्ट्रीय मानक झालें. आपल्याकडील दुकानांत रूढ असलेले 'सिंगल डिन' व दुप्पट उंचीचें 'डबल डिन' हे शब्द त्या संस्थेच्याच नांवावरून आले. जुनें यंत्र काढून त्याच कोनाड्यांत नवें बसविणें त्यामुळें कोणाही कुशल कारागिरास शक्य झालें.

याचें मोल अंकीय संगीत अवतरल्यावर विशेष कळलें. जर्मनींतील एर्लांगेन येथें फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं, कानास जाणवत नाहीं तो अंश गाळून ध्वनि थोड्या जागेंत सांठविण्याची रीत सिद्ध केली. १९९५ सालीं तिच्या फायलींस 'एमपी३' ही खूण मिळाली. ज्या सीडींत दहा-पंधरा गाणीं मावत, तिच्यांत आतां शंभरांहून अधिक मावूं लागलीं. १९९९ सालीं इंग्लंडांतील केंब्रिज येथील 'एम्पेग' कंपनीनें हार्डडिस्क असलेलें वाद्य तयार केलें. तें कोनाड्यांतून ओढून काढावें, घरीं संगणकास जोडून गाण्यांनीं भरावें, आणि पुन्हां गाडींत बसवावें. त्याचें उत्पादन २००१ सालींच थांबलें, तरी वाट दिसली होती.

ज्यांना नवें वाद्य परवडत नसे, त्यांनीं निराळा उपाय केला. फीत नसलेली, पण आंत चुंबकीय शीर्ष व बाहेर तार असलेली एक कॅसेट मिळे. तार खिशांतील वादकयंत्रास जोडली कीं गाण्याचे चुंबकीय चढउतार गाडीच्या जुन्या यंत्रास प्रत्यक्ष फितीसारखेच भासत, आणि तें निमूटपणें नवें संगीत गाऊं लागे.

पुढील काळांत अनेक गाड्यांत संगीत, नकाशा, वातानुकूलन व मागील दृश्य हीं सर्व एकाच पडद्यांत गुंतविलीं गेलीं. सोय वाढली, परंतु त्या गाड्यांतील कोनाडा बुजला, आणि वाद्य बदलण्याचें मालकाचें स्वातंत्र्य आकुंचित झालें. गाडी धडधाकट असतां पडदा कालबाह्य ठरला, तर तिच्या मालकास रिकाम्या चौकोनाची किंमत कळेल. उद्यां येथें काय बसेल हें ठाऊक नसतांही ज्यांनीं तेवढी जागा मोजून मोकळी ठेवली, त्यांची दूरदृष्टि सामान्य नव्हती.